आबांच्या ट्रंकेतला बिल्ला

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, शाळेच्या प्रदर्शनासाठी आबांची ट्रंक माळ्यावरून काढली आहे आणि रविवारी पदकं चिंच लावून लख्ख करायची आहेत. बाबा, कृपा करून घासू नका. पितांबरीही नको. त्या पिवळ्या ताऱ्यांच्या पाठीमागे आबांचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली आहे. अक्षरं उथळ आहेत, दोन-चार दसऱ्यांच्या घासण्यात जातील. दुसऱ्या महायुद्धाची ही पदकं विलायत सरकारने आपल्या गोऱ्या सैनिकांना बिननावाचीच दिली आणि हिंदुस्थानी सैन्यातल्यांना मात्र नाव घालून दिली. गोऱ्याला नाही आणि आबांना मिळालं असं सबंध लढाईत बहुधा एवढंच असेल, तेही आपणच कशाला पुसायचं? कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस. इटलीच्या ताऱ्याची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल अशी आहे. ती विरली असली तरी नवी शिवू नका.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सगळ्या वस्तू सतरंजीवर ओळीने मांडल्या आहेत आणि गुरुजींनी पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं आहे, ‘शत्रूकडून हस्तगत केलेल्या वस्तू’. गुरुजींचा उत्साह मला कळतो. पण ती पाटी त्यांतल्या बहुतेक वस्तूंना लागू नाही, आणि जिला लागू असेल ती वस्तू मांडूच नये असं माझं म्हणणं आहे.

त्या छोट्या चौकोनी नोटा घ्या. त्या शत्रूच्या नाहीत. १९४३ मध्ये दोस्तांचं सैन्य सिसिलीत उतरलं तेव्हा त्यांनी स्वतःच छापलेल्या लिऱ्या, म्हणजे इटलीच्या चलनाच्या नोटा आहेत. आबांना इटलीत खर्चायला मिळाल्या, उरल्या त्या घेऊन आले. उलटून पाहा, मागे इंग्रजीत चार स्वातंत्र्यं छापली आहेत: बोलण्याचं, धर्माचं, गरजेपासून आणि भीतीपासून. पारतंत्र्यातल्या शिपायाच्या खिशात ही नोट! आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं हे एका परीने बरंच. आजीने त्या कुंकवाच्या पेटीत ठेवल्या होत्या आणि आम्ही दुपारी त्यावर दुकान-दुकान खेळायचो. एक नोट दादाने खाल्ली होती, आई, तुला आठवत असेल.

मेरीचं ते पदक तर दिलेलं आहे. ही गोष्ट आबा स्वतः सांगायचे, त्यामुळे त्यात शंका नाही. इटलीत सांग्रो नदीच्या बाजूला एका शेतघराच्या गोठ्यात त्यांची तुकडी पावसात थांबली होती. तिथल्या म्हातारीने त्यांना पाव आणि व्हिनो, म्हणजे तिकडची वाइन, दिली, आबांनी तिला चहाची पत्ती दिली, आणि निघताना तिने स्वतःच्या गळ्यातलं काढून आबांच्या हातात ठेवलं. आजीने ते देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं आणि दसऱ्याला बाकीच्या देवांबरोबर त्यालाही अंघोळ घालत राहिली. ते देवघरातलं आहे. प्रदर्शनात न्यायचं तर आईला विचारून न्या.

पॅराशूटच्या कापडाचं झबलं मात्र जरूर मांडा, बाबा. तुम्ही ते घातलेलं आहे हे पोरांना सांगा, सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होईल.

उरला तंबाखूच्या डबीतला बिल्ला. लंबगोल, करड्या पत्र्याचा, मधोमध आडव्या चिरा असलेला. तुम्ही त्याला आजवर ‘जर्मनचं मेडल’ म्हणत आलात. ते मेडल नाही. इथे जर्मनीत राहायला लागल्यापासून मी असे बिल्ले काचेच्या कपाटांत पाहिले आहेत, म्हणून फोटो पाहताच ओळखला. जर्मन शिपायाच्या गळ्यातली ती ओळखपट्टी आहे. वरच्या आणि खालच्या अर्ध्यावर तोच मजकूर ठोकलेला असतो: भरती झालेल्या तुकडीचं नाव, त्या तुकडीच्या यादीतला नंबर आणि रक्तगट. नाव नसतं. शिपाई पडला की खालचा अर्धा चिरांवर मोडून कचेरीकडे पाठवायचा आणि वरचा अर्धा प्रेताबरोबर राहू द्यायचा. दोन्हीकडच्या सैन्यांनी हेच करावं असं १९२९च्या जिनिव्हा करारातही लिहिलेलं आहे. मोडलेल्या अर्ध्यामुळे घरी कळतं, राहिलेल्या अर्ध्यामुळे थडग्यावर नाव लागतं.

आपल्याकडचा बिल्ला अख्खा आहे.

याचा अर्थ एकच निघतो असं मी म्हणत नाही. कैद झालेल्या कुणी सिगरेटच्या बदल्यात दिला असेल. रस्त्यात पडलेला सापडला असेल. मग तो माणूस सुखरूप घरी जाऊन नातवंडं पाहून गेला असेल, आणि मी उगाच एवढं लिहिते आहे. पण पडलेल्या माणसाच्या गळ्यातून अख्खा काढला असेल, तर घरी कळवायला खालचा अर्धा नाही आणि थडग्यासाठी वरचाही नाही. तो बेपत्ता. फ्लोरेन्स आणि बोलोन्याच्या मधल्या फुता खिंडीत जर्मनांची एक दफनभूमी आहे, ३०,००० हून जास्त थडगी. मी तिथे जाऊन आले आहे. नाव नसलेल्या दगडांवर ‘एक जर्मन सैनिक’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यांतला एखादा आपल्या तंबाखूच्या डबीतला असू शकतो.

बाबा, आबांनी लढाई कधी लपवली नाही. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, हे तर आपल्याला पाढ्यासारखं पाठ आहे. जर्मन दोन्ही बांधांत बिळं करून बसलेले, आणि आबांच्याच मराठा पलटणीच्या पहिल्या बटालियनचा, निमज गावचा नामदेव जाधव जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून मागे आणतो, मशीनगनच्या चौक्या एकट्याने बंद पाडतो, बांधावर चढून ‘शिवाजी महाराज की जय’ म्हणत बाकीच्यांना हात करून बोलावतो. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याला. जयजयकाराच्या वेळी आबांचा आवाज असा चढायचा की शेजारचं कुत्रं भुंकायचं. पण त्या डबीबद्दल आबांच्या तोंडून तुम्ही काही ऐकलं आहे का? मी नाही ऐकलं.

आजीकडून मात्र ऐकलेलं एक वाक्य आहे, आणि ते आईला माहीत आहे. आई, माझ्या लग्नाच्या आधी भांडी आवरताना तू मला सांगितलं होतंस. तू नवी सून असताना ट्रंक पुसायला घेतलीस तेव्हा आजी म्हणाली होती, ‘ती डबी उघडू नकोस, त्यात माणूस आहे.’ बाबांना तू हे कधी सांगितलंस की नाही मला ठाऊक नाही. आता कळलंच. रागवू नकोस.

म्हणजे आजीला काहीतरी माहीत होतं. आबांनी तिला तरी सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, पोरगी परदेशी जाऊन तिकडची झाली. तसं नाही. जिंकून आणलेल्या वस्तूंचं मलाही कौतुक आहे. मेणवलीच्या घाटावरची घंटा आपण दर सहलीला हौसेने पाहिली. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाची ती पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ साल आणि मेरी-बाळाची आकृती आहे, कुणाची, कुठून आली हे ती स्वतःच सांगते, कुणी लपवलेलं नाही. घंटेची वाट पाहत कुणाची आई दारात बसली नव्हती.

आणि आपलेही तिकडे राहिलेच आहेत. इटलीत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले, ५,७८२ परत आले नाहीत. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिबर खोऱ्यात पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण समाधी नाही, इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. २०२३ मध्ये मोन्तोने गावच्या इटालियन लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. पुढच्या सुट्टीत तिथे जायचं मनात आहे.

तर मला तुमची परवानगी हवी आहे. या बिल्ल्यांच्या याद्या बर्लिनमध्ये सरकारी अभिलेखागारात अजून आहेत. तुकडी आणि नंबर कळवला की ते शोधून सांगतात, तो कोण होता आणि त्याचं काय झालं. बिल्ला लगेच पाठवायचा नाही, आधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो पुरेत. उन्हात नाही, खिडकीशी धरून काढा, अक्षरं दिसली पाहिजेत. अर्ज मी जर्मनमध्ये लिहीन. उत्तर यायला बरेच महिने लागतात. बिल्ला परत द्यायचा, ठेवायचा, की आणखी काही, ते उत्तर आल्यावर तुम्ही ठरवा. वस्तू तुमच्या वडिलांची आहे, माझा हट्ट नाही. फक्त तोवर तो शाळेच्या टेबलावर नको.

आणि बाबा, गुरुजींच्या पुठ्ठ्याऐवजी तुम्ही स्वतः चिठ्ठ्या लिहा. प्रत्येक वस्तूला एक: सरकारने दिली, विकत घेतली, कुणी हातात ठेवली, की उचलली, कुठे, हे तुम्हाला कुणी सांगितलं. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ लिहा. तुमचं अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर फार वेळ लिहू नका, रोज एक चिठ्ठी पुरे. आई, तुझं ऐकलेलं तूही सांग, चुलत आत्यालाही विचार. आबा परत आले तेव्हाचं आठवणारी आता तीच एक उरली आहे. तिला फोनवर ऐकू येत नाही, रिक्षा करून जाऊन या.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, तो साताऱ्याहून आणेल. मी दिवाळीत येते आहे, तिकीट काढलं.

तुमची,
नंदू