पाकिटावरची तारीख

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. खोकला केव्हाच गेला, झोप नीट होते, कामावरही सगळं सुरळीत आहे. ते फोनवर होतंच, म्हणून परत लिहीत नाही. हे पत्र मुद्दाम लिहायला घेतलं ते फ्रीजरपायी. परवा व्हिडिओवर बोलता बोलता मी फ्रीजर उघडला आणि आई, तुझा चेहरा एकदम उतरला. "एवढं मटण? कधीचं आहे हे?" असं तू विचारलंस आणि मी "आहे असंच" म्हणून दार लावून टाकलं. त्यानंतर दोन दिवस तू ताईला विचारत होतीस म्हणे, की हा महिनामहिना शिळं खाऊन राहतो का. फोनवर हे बोलायला गेलं की तुझा गळा दाटतो आणि मी चिडतो, मुद्दा राहतो बाजूलाच. म्हणून लिहून काढतो. सावकाश वाच, आजीलाही वाचून दाखव.

आधी तुझ्या मनातलं 'शिळं' काढून टाक. फ्रीजरमध्ये उणे १८ अंश किंवा त्याहून जास्त थंडी कायम असेल, तर मटण नासत नाही. महिन्याने नाही, वर्षानेही नाही. नासवणारे जंतू त्या थंडीत मरत नाहीत हे खरं, पण निपचित पडून राहतात, वाढत नाहीत. मी फ्रीजरमध्ये छोटा थर्मामीटर ठेवलाय. आज सकाळी उणे १९ दाखवत होता. तुला भीती वाटते ती आपल्या जुन्या फ्रिजमुळे, हे मला कळतं. त्याचा बर्फाचा कप्पा आतच होता, स्वतःचं दार नव्हतं. तसल्या कप्प्यात बर्फ धरतो खरा, पण उणे १८ काही टिकत नाही. तिथे तू चार दिवसांपलीकडे काही ठेवू द्यायची नाहीस ते अगदी बरोबर होतं. माझ्याकडच्या फ्रीजरला वेगळं दार आहे, त्याची जातच वेगळी.

मग पाकिटांवर तारखा कशाला, असं तू विचारशील. ती इकडची एक रीत आहे आणि मला ती समजायलाच सहा महिने लागले. शेजारी एक आजीबाई राहतात, आपल्या आजीच्याच वयाच्या. त्यांच्या फ्रीजरच्या दारावर चुंबकाने एक वही अडकवलेली असते, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. पाकीट आत गेलं की वहीत नोंद होते: काय, किती आणि कोणत्या तारखेला. तेच पाकिटावर चिकटपट्टी लावून तिच्यावरही लिहायचं, आणि पाण्याने पुसणार नाही अशाच पेनाने. पाकीट बाहेर निघालं की वहीतल्या ओळीवर काट. नवं नेहमी तळाशी, जुनं वर. एकदा मी त्यांना सामान वर चढवून दिलं, तर मला चहा देण्याआधी त्यांनी अकरा पाकिटांवर तारखा घातल्या. मला वाटलं, बाईंना विसरायचा आजार असेल. एकटी बाई, घरात खाणारं दुसरं कोणी नाही आणि हिशेब दुकानासारखा. मग एकदा मी त्यांना माझ्याकडचं चिकन देऊ केलं, तर त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि "तारीख?" एवढंच विचारलं. मला सांगता येईना. त्यांनी ते हळूच ओट्यावर ठेवून दिलं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की त्याच संध्याकाळी पेन घेऊन आलो.

तर ती तारीख नासण्याची नसते, चवीची असते. फ्रीजरमध्ये जंतू थांबतात, पण चरबी थांबत नाही. पिशवीत राहिलेल्या हवेने ती हळूहळू खवट होत राहते, गोडं तेल महिनोन्महिने डब्यात राहिलं की होतं तशी. म्हणून खिमा सगळ्यात कमी टिकतो, तीन ते चार महिने. तो दळताना प्रत्येक कणाला हवा लागलेली असते. मटणाचे अख्खे मोठे तुकडे चार महिन्यांपासून वर्षापर्यंत चांगले लागतात. चिकनचे तुकडे नऊ महिने, अख्खी कोंबडी एक वर्ष. कलेजी-पेटा मात्र तीन-चार महिन्यांतच संपवायचा. मासळीत तेलकट मासा दोन-तीन महिने आणि कमी तेलाचा सहा ते आठ. मीठ लावून ठेवलेलं जास्त टिकेल असं मला वाटायचं. फ्रीजरमध्ये उलटं होतं: मिठाने चरबी लवकर खवट होते, म्हणून खारवलेलं मांस महिना-दोन महिन्यांतच संपवायचं. शिजवलेला रस्सा दोन-तीन महिने. हे आकडे ओलांडले म्हणून विष होत नाही, चव उतरते, एवढंच.

तू पाहिलंस ते पांढरट पाकीटही हवेमुळेच तसं झालं होतं. तुला ती बुरशी वाटली. मी ते तुझ्यासाठी मुद्दाम उघडून पाहिलं. पिशवीच्या एका कोपऱ्याला सुईएवढं भोक पडलं होतं, आणि नेमक्या तिथेच मटणावर रुपयाएवढा राखाडी डाग, वाळक्या सालीसारखा कडक, नखाने खरवडला तर भुगा निघत होता. बाकी सगळा तुकडा लालबुंद. त्या जागेतलं बर्फ पाणी न होताच हवेत उडून जातं आणि मांस कोरडं पडतं. याला इकडे फ्रीजर बर्न म्हणतात. अपाय काही नाही, तेवढा भाग कापून टाकायचा. मी कापला, उरलेलं शिजवलं, बरं लागलं. आता दुकानातल्या पातळ वेष्टणावर मी दुसरी जाड पिशवी घालतो आणि तळहाताने दाबून हवा काढूनच तोंड बंद करतो.

खिमा मी वहीसारखा चपटा करून गोठवतो. तो लवकर गोठतो आणि लवकर सुटतो. सावकाश गोठलं की आत बर्फाचे मोठे काटे होतात, ते मांसाचे धागे फाडतात, आणि बर्फ सुटताना सगळा रस पाण्याबरोबर निघून जातो. पटकन गोठलं की कण बारीक राहतात. बाबा, हे तुम्हाला आवडेल: १९१२ च्या सुमारास क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा एक अमेरिकन माणूस आताच्या कॅनडातल्या लॅब्राडोरला राहायला गेला होता. तिथले इन्युइट लोक बर्फातून मासा वर ओढायचे आणि त्या भयंकर वाऱ्यात तो हातातच दगडासारखा गोठायचा. महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. त्यावरून त्याने झटपट गोठवायची यंत्रं तयार केली आणि १९३० मध्ये त्याचा गोठवलेला माल अमेरिकेतल्या दुकानांत विकायला आला. म्हणूनच मी आणलेलं सगळं एकदम कोंबत नाही. पाकिटांमध्ये जागा सोडून आधी पसरून ठेवतो, गोठली की मग रचतो.

आई, आता जे सांगायचंय त्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो. दोन महिन्यांपूर्वी मी दोन दिवस पोटाने आजारी होतो आणि तुला सांगितलं, बाहेरचं खाल्लं. ते खोटं होतं. त्या आठवड्यात मला लागोपाठ रात्रपाळ्या होत्या. सकाळी सहाला घरी आलो, खिम्याचं मोठं जाड पाकीट (तेव्हा मी चपटं करत नव्हतो) काढून ओट्यावर ठेवलं, म्हटलं दुपारपर्यंत बर्फ सुटेल. जरा पडावं म्हणून पाठ टेकली ती चारला जाग आली. दहा तास झाले होते. पाकीट हातात घेतलं तर कडा मऊ, पिशवीत गुलाबी पाणी, पण मधला गड्डा अजून टणक. मधे बर्फ आहे म्हणजे गारच आहे, असं वाटलं. शिवाय चांगलं खळखळ शिजवलं होतं. रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की मांस बाहेर किती वेळ होतं. मधलं गोठलेलं असलं तरी कडा केव्हाच खोलीइतक्या उबदार झालेल्या असतात, आणि चार ते साठ अंशांच्या मध्ये निपचित पडलेले जंतू जागे होऊन भराभर वाढतात. काही जंतू असं विष सोडून ठेवतात की ते उकळूनही जात नाही. शिजवलं की सगळं मरतं, हे आपण घरात नेहमी म्हणतो, पण ते पुरतं खरं नाही. बाहेर दोन तास, फार उन्हाळा असेल तर एक तास, त्याच्यापुढे नाही. म्हणजे चूक फ्रीजरची नव्हती, चार महिन्यांच्या तारखेचीही नव्हती. माझी होती. तुला खोटं सांगितलं ते तू एकटी रात्रभर जागी राहशील म्हणून. पण त्यामुळे तू आता फ्रीजरला घाबरतेस आणि ओट्याला घाबरत नाहीस, हे मला सहन होईना. घरीही तू सकाळी काढून ठेवतेस आणि दुपारी शिजवतेस. तेवढं बंद कर गं.

त्याऐवजी आदल्या रात्रीच खालच्या फ्रिजमध्ये ठेवायचं, खोल ताटलीत, म्हणजे गळलेलं पाणी भाजीवर जात नाही. दोन किलोचा अख्खा तुकडा असेल तर पुरा एक दिवस धरायचा. घाई असेल तर घट्ट पिशवीसकट गार पाण्यात बुडवायचं आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. अर्धा किलो तासाभरात सुटतं. गरम पाणी अजिबात नाही. विसरलीसच तर गोठलेलंच पातेल्यात टाक, चालतं, शिजायला दीडपट वेळ लागतो. फ्रिजमध्ये सुटलेला खिमा आणि चिकन एक-दोन दिवसांत शिजवायचं, मटणाचे मोठे तुकडे तीन ते पाच दिवस राहतात. बेत बदलला तर फ्रिजमध्ये सुटलेलं परत गोठवता येतं, थोडं कोरडं होतं इतकंच. पाण्यात सोडवलेलं मात्र शिजवल्याशिवाय परत आत ठेवायचं नाही.

तुझा दुसरा प्रश्न, वीज गेली तर? भरलेला फ्रीजर दार न उघडता अठ्ठेचाळीस तास थंडी धरून राहतो, अर्धा भरलेला चोवीस. सारखं दार उघडून बघायचं नाही, हाच उपाय.

आणि तू विचारलं नाहीस, पण ताईला बोललीस ते: पोटाला चिमटा काढून पैसे साठवतोय का मी? नाही. महिन्यातून एकदा आणतो कारण सुट्टीचा दिवस वाचतो. मोठं पाकीट स्वस्त पडतं हेही खरं, आणि वाचलेले ताईच्या लग्नासाठीच ठेवतो, पण दोन्ही वेळा पोटभर जेवतो. बाबा, हॉलच्या दुसऱ्या हप्त्याचे पैसे गुरुवारी पाठवलेत. कर्जाचं तुम्ही कोणाजवळ बोलू नका, निदान माझं तिसरं पाठवणं पोचेपर्यंत. आजीच्या औषधांचे वेगळे पाठवलेत, ते यात धरू नका.

साखरपुड्याला येता येत नाही. रजा मागितली होती, दोनदा मागितली. लग्नाला नऊ दिवस मिळालेत, त्यातले दोन प्रवासात जातील. ताईला मी अजून नऊ म्हणून सांगितलेलं नाही, ती पंधरा धरून बसलीय. तू सांग, किंवा नको, मीच रविवारी सांगतो. तिला म्हणावं, हळदीच्या आदल्या रात्री पोचतोय, नक्की.

मी तिकडे असताना फ्रीजर बंद पडला तर कळावं म्हणून शेजारच्या आजीबाईंनी एक युक्ती सांगितलीय. कपात पाणी गोठवायचं, वर एक नाणं ठेवायचं आणि कप आतच राहू द्यायचा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाशी गेलं असेल तर मधे बर्फ वितळून पुन्हा गोठलाय, तेव्हा सगळं टाकून द्यायचं. निघताना बाबांनी हातावर ठेवलेल्यातलं एक नाणं अजून खिशातल्या पाकिटात आहे. तेच ठेवीन. परत पोचलो की आधी कप बघीन, मग तुम्हाला फोन करीन.

आजीला नमस्कार. ताईला आशीर्वाद देण्याइतका मोठा नाही, म्हणून नुसतं प्रेम.

तुमचा,
धाकटा

ता. क. आई, चार महिने उलटलेला खिमा काल काढला, रात्री फ्रिजमध्ये ठेवून. चव थोडी उतरली होती. पोट ठीक आहे.