सुदानच्या बातम्यांत कोण कोणाचं ते लिहा

संपादक महोदय,

सुदानमधल्या यादवी युद्धाच्या बातमीत आपल्याकडे एकाच गटाला एका दिवशी 'बंडखोर' म्हणतात, दुसऱ्या दिवशी 'निमलष्करी दल' आणि तिसऱ्या दिवशी नुसतंच 'सैनिक'. मी दांडिया बाजारात राहते, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तरी मलाही बातमी दोनदा वाचावी लागते.

आमच्या समोरच्या बा ऐंशीच्या पुढच्या आहेत. रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून गुजरातीत सांगते. त्यांचा जन्म सुदानमधल्या ओमदुरमानचा. सौराष्ट्रातून व्यापारासाठी तिकडे गेलेल्या घरांपैकी त्यांचं एक. लग्न होऊन बडोद्याला आल्या, पण उन्हाळा लागला की लाल अंबाडीची सुकी बोंडं रात्रभर भिजत घालून अजूनही सरबत करतात, त्याला 'करकदे' म्हणतात. परवा बातमी ऐकता ऐकता हातातला पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आ बेमां आपणा कोण?" म्हणजे, या दोघांत आपले कोण?

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण लढणारे हे दोघं, लष्कर आणि निमलष्करी दल, एकाच घरचे. पश्चिमेकडच्या दारफूरमधला उठाव चिरडायला २००३ पासून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर यांच्या सरकारने जंजावीद टोळ्यांना हत्यारं दिली, २०१३ मध्ये त्यांतूनच 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' उभी केली. तिचे प्रमुख मोहम्मद हमदान दगालो, म्हणजे हेमेदती. २०१९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा लष्कर आणि हे दल दोघांनी मिळून बशीरना हटवलं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात दोघांनी मिळूनच नागरी सरकारही मोडलं. मग हेमेदतीचं दल सैन्यात किती वर्षांत विलीन करायचं, यावर लष्करप्रमुख बुरहान आणि हेमेदती अडून बसले. १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्टूममध्ये गोळीबार सुरू झाला. 'सरकार' आणि 'बंडखोर' असं लिहिलं की हा सगळा इतिहास पुसला जातो.

बाहेरचे हातही आहेतच. इजिप्तचा कल लष्कराकडे आहे. दलाला शस्त्रं पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर आहे, ती तो नाकारते. मार्च २०२५ मध्ये लष्कराने खार्टूम परत घेतलं, तर ऑक्टोबरात वर्षभराहून जास्त वेढा घालून दलाने दारफूरमधलं अल फाशेर शहर घेतलं. तिथे झालेल्या कत्तलींच्या बातम्या वाचताना माझा आवाज बसला. बाजारपेठांवर बॉम्ब टाकल्याचे आरोप लष्करावरही आहेत, हे मी बांना लपवलं नाही.

मग 'आपले' कोण? मी त्यांना सुदानमधल्या मोहल्ल्यांतल्या पोरांबद्दल सांगितलं. ही पोरं 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम' नावाने सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात, मोठ्या पातेल्यात डाळ शिजवून वाटतात. आपल्या अंकात मला त्यांच्यावर एक ओळही सापडली नाही.

दर बातमीखाली चार ओळींची चौकट द्या: हल्ला कोणी केला, गाव कोणाच्या ताब्यात आहे, मागे कोण आहे, आणि तिथे लोकांना जेवण कोण पुरवतंय. तोवर आपल्या 'बंडखोर' या शब्दावर मी पेन्सिलने दलाचं नाव लिहिते आणि मगच पेपर घेऊन समोर जाते.

आपली एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा