नेव्हर मॅप शिकवणाऱ्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही बजावलंत की थँक्यू वगैरे काही नको आणि नाव तर कुठे लिहूच नकोस, म्हणून नाव लिहीत नाहीये, पण थँक्यू म्हणणार आहे आणि सगळ्यांसमोर म्हणणार आहे. आई दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये तिच्या चालीने हिंडली, दमली तिथे बसली, आवडलं तिथे तासभर रेंगाळली, कुठल्या गाईडच्या झेंड्यामागे तिला पळावं लागलं नाही. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या माणसाला परदेशात एवढं मिळणं ही केवढी गोष्ट आहे ते ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना कळेल. आणि हे तुम्ही शिकवलेल्या नेव्हर मॅप या कोरियन नकाशाच्या अॅपमुळे, म्हणजे तुमच्यामुळे झालं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. काका रांजणगावला एका कोरियन कंपनीत होते, आता रिटायर झालेत, नोकरीत असताना कामासाठी कोरियाला बरेचदा जाऊन आलेत. आम्ही जाणार म्हटल्यावर त्यांनी मला कमला नेहरू पार्कात बोलावलं आणि सगळ्यात आधी हे सांगितलं की तिकडे गूगल मॅपवर विसंबायचं नाही. आम्ही गेलो तेव्हा तो ट्रेन-बस दाखवायचा, पण पायी कसं जायचं विचारलं की गप्प. कारण पण समजावून सांगितलं, कोरियाच्या बारीक नकाशाचा, म्हणजे 1:5000 स्केलचा डेटा देशाबाहेर न्यायचा तर सरकारची परवानगी लागते, ती गूगलने 2007 मध्ये मागितली तेव्हा नाही मिळाली आणि 2016 मध्ये परत मागितली तेव्हाही नाही. उत्तर कोरियाशी 1953 मध्ये नुसता युद्धविराम झालाय, शांतता करार अजून नाही, त्यामुळे नकाशा म्हणजे तिथे सुरक्षेचा प्रश्न. म्हणून तिथली माणसं वापरतात नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप, दोन्हीत इंग्रजी आहे, फुकट आहेत, आणि इथून निघायच्या आधीच डाउनलोड करून ठेवता येतात.

एवढं तर कोणीही सांगेल हो. पण तुम्ही सांगून थांबला नाहीत काका. तुम्ही मला पुण्यात बाकावर बसवून सोल फिरवलंत! म्यॉन्गडाँगच्या हॉटेलपासून बुकचॉनला, त्या जुन्या घरांच्या वस्तीत, जा म्हणालात, मी रूट काढला, मेट्रोच्या चार नंबरच्या लाइनने चुंगमुरो, तिथे तीन नंबरची लाइन, मग आनगुक स्टेशन, आणि तुम्ही विचारलंत, डबा कुठला? मला कळेचना डबा कुठला म्हणजे काय. मग तुम्ही ती बारीक अक्षरातली जागा दाखवलीत, तिथे 4-3 असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे चौथ्या डब्याचा तिसरा दरवाजा, त्या दाराने चढलं की गाडी बदलायच्या स्टेशनवर बरोबर जिन्यासमोर उतरतो, आणि प्लॅटफॉर्मवर पण प्रत्येक दारापाशी हाच नंबर लिहिलेला. मुंबईची लोकल पकडणाऱ्याला हे वर्षानुवर्षांच्या सवयीने कळतं, तिथे अॅप पाहुण्याला पहिल्याच दिवशी सांगतं. आईची कितीतरी पावलं यात वाचली. मग विचारलंत, बाहेर कुठल्या एक्झिटने? तिथल्या मोठ्या स्टेशनांना दहा-बारा एक्झिट असतात, प्रत्येकीला नंबर असतो, चुकीच्या बाजूने वर आलात तर आठ लेनचा रस्ता मधे. बुकचॉनला आनगुकची 2 नंबरची, ग्यॉन्गबोकगुंग राजवाड्याला त्याच नावाच्या स्टेशनची 5 नंबरची, हे मला अजून पाठ आहे. राजवाडा मंगळवारी बंद असतो हे पण अॅपमध्ये वेळा बघायची सवय तुम्ही लावलीत म्हणून आधीच कळलं आणि आम्ही बुधवार धरला.

आणि ते पायऱ्या टाळायचं ऑप्शन! पायी रूट काढला की नेव्हरवर वेगवेगळे पर्याय येतात, त्यात एक पायऱ्या नसलेल्या रस्त्याचा असतो. बुकचॉन सगळं चढावर आहे, हानोक म्हणजे जुन्या पारंपरिक कोरियन घरांच्या मधून गल्ल्या वर वर जातात, तिथे आम्ही हाच रस्ता घेतला, थोडा लांबचा पडला पण आई एकदाही कोणाचा हात न धरता वर गेली आणि वर पोचल्यावर कौलांच्या ओळी बघत बराच वेळ उभी राहिली. मला त्या क्षणी तुम्हाला फोन लावावासा वाटला होता, पण इथे तुमची दुपारची झोप असणार म्हणून नाही केला.

पत्त्यांचं गणित तर मी आता भेटेल त्याला सांगते. 2014 पासून तिथे रस्त्याच्या नावाचे पत्ते पूर्णपणे लागू झाले, रस्त्याच्या सुरुवातीपासून डावीकडे विषम नंबर, उजवीकडे सम, आणि दर वीस मीटरला त्या बाजूचा नंबर दोनाने पुढे सरकतो, त्यामुळे घर नंबर 40 म्हणजे सुरुवातीपासून साधारण चारशे मीटर. नंबराला दहाने गुणायचं की झालं! आणि गल्ल्यांना आपल्या प्रभात रोडसारखे नंबर. फोनची बॅटरी उतरली तरी नुसत्या पाट्या वाचत माणूस पोचतो.

सर्च करताना इंग्रजी स्पेलिंगवर वेळ घालवू नकोस, कोरियन नाव कॉपी-पेस्ट कर नाहीतर दुकानाचा फोन नंबर टाक, हे तुमचं वाक्य सोन्यासारखं निघालं. आईचा चातुर्मास चालू होता, कांदा-लसूण नाही, मांस-मासे तर नाहीतच, मी घरून ठेपले आणि मेतकूट-भात बांधून घेतला होता. पण तुम्ही बौद्ध मठांतल्या जेवणाचं कोरियन नाव माझ्या फोनमध्ये सेव्ह करून दिलं होतंत, ते नेव्हरमध्ये टाकलं तर सोलच्या इन्साडाँग भागातली जागा सापडली, या जेवणात कांदा-लसूण वर्ज्यच असतो. आईने एवढ्या वाट्या बघून आधी मला विचारलं की हे सगळं एकटीचंच का, आणि मग सगळं संपवलं, कमळाचं देठ तिला सगळ्यात आवडलं.

बसचे रंगही तुम्हीच शिकवलेत, निळी शहरभर लांब जाणारी, हिरवी आसपासची, लाल उपनगरात जाणारी, 2004 पासूनची ही पद्धत, आणि उतरतानाही टी-मनी कार्ड, म्हणजे बस-मेट्रोचं पैसे भरलेलं कार्ड, टेकवायचंच म्हणजे तीस मिनिटांत दुसरी बस किंवा मेट्रो धरली तर नवं तिकीट पडत नाही. आईला कार्ड टेकवायचं काम इतकं आवडलं की माझंही कार्ड तीच हातात ठेवायची.

माझी मावसबहीण आता शांघायला निघालीय. तुम्ही म्हणाला होतात की चीनच्या नकाशात ठिकाणं मुद्दाम काहीशे मीटर सरकवलेली असतात त्यामुळे बाहेरच्या अॅपवर आपण भलत्याच जागी दिसू शकतो, तिथे गाओदे मॅप घ्यायचा. तिला एवढं सांगितलंय, पण तुमच्यासारखं समोर बसवून करून घेणं मला जमेल असं नाही, तेव्हा तुम्हाला सवड असेल त्या रविवारी तिला पाठवते, चालेल ना?

आणि आमची दोन्ही टी-मनी कार्डं आईने जपून ठेवलीत, त्यात थोडे वॉन शिल्लक आहेत. तुमच्या ओळखीत कोणी सोलला जाणार असेल तर कळवा, आई म्हणतेय स्वतः आणून देईन.

तुमचीच,
कोथरूडची लेक