दुर्बिणीच्या आरशाच्या हिस्टेरिसिसवरही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सवरचा (हवेमुळे थरथरणारी ताऱ्याची प्रतिमा आरसा वाकवून स्थिर करण्याच्या तंत्रावरचा) लेख मनापासून आवडला, पण कॉम्प्युटर सांगेल तसा आरसा वाकतो आणि ताऱ्याची थरथर जाते, हे वाक्य खटकलं. तसा तो वाकत नाही हो, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

अशा बऱ्याच आरशांच्या पाठीला व्होल्टेज दिलं की किंचित लांबून आरसा ढकलणारे सिरॅमिकचे तुकडे, म्हणजे पिझो अ‍ॅक्च्युएटर असतात. समजा १०० व्होल्टला एक अ‍ॅक्च्युएटर ४ मायक्रॉन सरकतो, तर ५० व्होल्टला तो कुठे असेल? खालून चढत आलात तर एका जागी, वरून उतरत आलात तर भलत्याच जागी, आणि साध्या पीझेडटीत (हेच ते सिरॅमिक) हा फरक १५ टक्के सहज असतो, म्हणजे ०.६ मायक्रॉन! हिरव्या प्रकाशाची तरंगलांबीच ०.५५ मायक्रॉनच्या आसपास, त्यात परावर्तनामुळे चूक दुप्पट. आधी काय घडलं त्यावर आताची जागा ठरणं, यालाच हिस्टेरिसिस म्हणतात; बारावीला लोखंडाचा हिस्टेरिसिस लूप काढायला लावतात ना, तोच प्रकार.

क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे चूक मोजून लगेच दुरुस्त करत राहणाऱ्या रचनेत, प्रकाश मोजणारा सेन्सर आरशाच्या नंतर बसतो, उरलेली चूक सेकंदाला शेकडो वेळा मोजतो, त्यामुळे बरंचसं निभावतं, तरी गेन (दुरुस्तीचा जोर) कमी पडतो आणि लॅग (उशीर) वाढतो. पण एकाच वेळी अनेक आकाशगंगा बघायच्या तर प्रत्येकीला वेगळा आरसा लागतो आणि सेन्सर बघतो दुसऱ्याच ताऱ्यांकडे, आपला आरसा नेमका किती वाकला हे त्याला दिसतच नाही. मग प्रायझाखसारखं हिस्टेरिसिसचं गणिती मॉडेल बनवून, ते उलटं फिरवून, आधीचे सगळे चढउतार लक्षात ठेवून व्होल्टेज द्यावं लागतं. किंवा आरसाच बदला. चिलीतल्या व्हीएलटीच्या (व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या) चौथ्या दुर्बिणीवर ११७० व्हॉइस कॉइलचा (स्पीकरसारख्या चुंबक-कॉइलने हलणारा) पातळ आरसा आहे, तिथे ही भानगड नाही, पण तो बनवणं सोपं नाही.

आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने अमेरिकेतल्या कॅल्टेकबरोबर रोबो-एओ ही आपोआप चालणारी अशीच यंत्रणा बनवली, पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवर ती चालली, त्यात मेम्स (चिपसारखा बनवलेला सूक्ष्म) आरसा होता, ज्यात हिस्टेरिसिस जवळपास नसतोच. हे इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांना कोणी सांगतच नाही, त्यांना वाटतं दुर्बीण म्हणजे फक्त फिजिक्सवाल्यांचं काम, आणि कंट्रोल सिस्टिमचा पेपर कसाबसा पास होऊन सगळी आयटीत जातात, याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा यावर एक वेगळा लेख द्याच, आणि तो कंट्रोल शिकवणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे