मिठातले आवळे

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय दिल्या,

तुझं पत्र वाचून वहिनींना फोनच करणार होतो, पण तू चिडशील म्हणून लिहायला बसलो. व्हिटॅमिन सीने बीपी उतरतं असं कुठेतरी वाचून बीपीची गोळी बंद केलीस आणि नुसत्या सीच्या चघळायच्या गोळ्या चालू केल्यास? लेका, हा शहाणपणा माझा आधीच करून झालाय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कुणीतरी सांगितलं, आवळ्याने बीपी उतरतं. हिने मोठी काचेची बरणी भरली. आवळे, मीठ, हळद, दोन चिरलेल्या मिरच्या. मी रोज चार आवळे खायचो आणि वर ते पिवळं खारं पाणी वाटीभर प्यायचो. ‘औषध आहे’ म्हणून! गोळी परस्पर बंद. बाराव्या दिवशी आयर्विन पुलावर फिरायला गेलो तर डोकं ठणकायला लागलं. घरी येऊन मोजलं, 168 वर 100. डॉक्टरांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “त्या बरणीत मीठ किती होतं?” दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ बरं म्हणतात. माझं अर्धंअधिक त्या वाटीतच जात असणार.

तू वाचलंस ते अगदीच खोटं नाही हं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी 29 चाचण्या एकत्र करून पाहिल्या. रोज साधारण 500 मिलिग्रॅम सी, दोनेक महिने. वरचा आकडा सरासरी चारने उतरला, ज्यांचं मुळात जास्त होतं त्यांचा पाचने. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्याने त्या सैल पडतात. सी ते टिकवून धरतं असं म्हणतात. पण नेहमीच्या गोळीने दहाएक उतरतं. तुझे 160 त्या चार-पाचने कुठे येणार? आणि एवढ्यावरून कुणाला या गोळ्या सुरू करा म्हणून सांगता येणार नाही, हे त्या संशोधकांनीच म्हटलंय.

दुसरं म्हणजे तुझा मुतखडा. विसरलास? रात्री दोनला तुला रिक्षात घालून मिरजेला नेलं, अख्ख्या रस्त्यात तू माझा दंड आवळून धरला होतास, चार दिवस वळ होता. जास्तीच्या सीचं शरीरात ऑक्झॅलेट होतं आणि बहुतेक खडे त्याचेच असतात. स्वीडनमधल्या पुरुषांच्या पाहणीत या गोळ्या खाणाऱ्यांना खड्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. रोजच्या फळांमधून एवढं सी सहसा पोटात जात नाही. आपल्याला दिवसाला लागतं 80 मिलिग्रॅम, एका मध्यम पेरूत ते भागतं. पेरू खा, बिनमिठाचा. तिखटमीठ लावलेला गाडीवरचा नाही, मला माहितीय तुझा हात कुठं जातो ते. आणि ती पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी तर घेऊच नकोस, तिच्यात मिठातलं तेच सोडियम असतं.

उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर, गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते विचार. मग पाच मिनिटं शांत बसून बीपी मोज आणि आकडा मला कळव, खरा.

तासगावच्या बेदाण्यांचा पुडा वेगळा पाठवतोय. भडंग मागितलं होतंस, ते आणलं होतं. हिने पाकीट उलटं करून मिठाचा आकडा वाचला आणि ठेवून घेतलं. आता आम्हीच खातोय.

तुझा,
सुऱ्या