सकाळी नऊला पडदा वर गेला पाहिजे

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आईवडिलांना कॅनडात नेऊन हिवाळ्यात घरात कोंडणं म्हणजे म्हातारपणी काळ्या पाण्याची शिक्षा, त्यापेक्षा त्यांना गावीच राहू द्या. माझ्या बहिणीने नाशिकहून त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, बघ गं, तुमच्याबद्दलच लिहिलंय. मी दोनदा वाचलं, ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायला बसले. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही, त्यांनी जे पाहिलं ते खरंच असणार, पण आम्ही दोघांनी इथे ११ हिवाळे काढलेत, तर आमचं पण छापा एवढीच विनंती.

आम्ही सास्काटूनला राहतो, सास्काचेवान प्रांतात. टोरांटो, व्हँकुव्हर सगळ्यांना माहीत असतं, हे त्या दोघांच्या मधे, जो सपाट गव्हाचा पट्टा आहे ना, प्रेअरी म्हणतात, तिथलं गाव. आम्ही मूळचे निफाड तालुक्यातले, हे वीज मंडळात होते, मी शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाल्यावर मुलाने बोलावलं, कागदपत्रं झाली, आलो. २ वर्षांपूर्वी मुलाची नोकरी कॅलगरीला गेली, तो म्हणाला चला, आणि आम्ही म्हटलं नाही रे, आम्ही इथेच बरे आहोत. सगळे विचारतात मुलगा जवळ नाही तर त्या बर्फात बसून करता काय तुम्ही दोघं. तर ऐका.

निफाडचा पारा ५ वर आला की आपल्या पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्याचे फोटो येतात. इथे जानेवारीत उणे ३० ला कोणी बातमी करत नाही. उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकाच आकड्यावर येतात, हे उदाहरण मी आठवीच्या मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर घालायचे, त्याच आकड्यात एक दिवस दूध आणायला जाईन असं कधी मनात आलं नव्हतं. डिसेंबरअखेर सूर्य सकाळी सव्वानऊला उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. आणि ऊन असलं तरी इतकं तिरकं की अंगाला लागतच नाही, म्हणून व्हिटॅमिन डीच्या गोळ्या डॉक्टरने दोघांना लावून दिल्यात.

पण त्या अंधारात पण दिवस असतो हो. आमचा दिवस सुरू होतो सातला, चहा, मग हे हवामान बघतात आणि त्यावर ठरतं गाडी काढायची का. काढायची असेल तर आदल्या रात्रीच गाडीची वायर प्लगला लावून ठेवायची, इथे प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते, ब्लॉक हीटरची. इंजिन गरम ठेवायला लागतं नाहीतर ऑइल घट्ट होतं आणि सकाळी गाडी नुसती कण्हते. टायमर लावला की निघायच्या ३-४ तास आधी आपोआप चालू होतो. मग बर्फ काढणं. नियम असा आहे की बर्फ पडून थांबला की घरापुढचा फुटपाथ ४८ तासांत घरमालकानेच साफ करायचा, पोस्टमन, शाळेची मुलं, वॉकर घेऊन चालणारी माणसं, सगळ्यांनी चालायचं असतं त्यावरून. ह्यांना मी उचलू देत नाही, फावडं ढकलायचं फक्त, आणि १० मिनिटं झाली की आत यायचं, कारण थंडीत रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात, त्यात जोर लावला की हृदयावर येतं, इथे दरवर्षी बर्फ काढताना माणसं जातात. फार पडला तर समोरचा कॉलेजातला मुलगा न सांगता मशीन घेऊन येतो आणि आमचा, शेजारच्यांचा, सगळा पट्टा काढून जातो. अशांना इथे स्नो एंजल म्हणतात. मी त्याला शंकरपाळे देते, तो त्याला कुकीज म्हणतो.

आता मुख्य सांगायचं ते शेजाऱ्यांचं. आमच्या पलीकडे एक जोडपं आहे, आम्ही आपसात त्यांना काका-काकूच म्हणतो, दोघं ऐंशीच्या पुढचे, त्यांचे आजोबा युक्रेनहून आलेले. काकांनी आयुष्यभर शेती केली, गहू आणि मसूर. हो, आपली मसूर! इथल्या विद्यापीठात १९७८ साली लेअर्ड नावाचं मसुराचं वाण निघालं आणि मग ह्या भागात मसूर पसरली, आज आपल्या किराणा दुकानात जी मसूर डाळ येते त्यातली बरीच ह्या प्रांतातून येते. हे मला काकांच्या तोंडून कळलं, आणि मी त्यांना मसुराची आमटी करून घातली तेव्हा ते म्हणाले, एवढी वर्षं पिकवली पण खाल्ली आजच.

ओळख कशी झाली ते सांगते. आमचा पहिलाच हिवाळा, मुलगा ह्यांना घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलेला, सून कामावर. मी घरात एकटी, कचऱ्याची पिशवी मागच्या डब्यात टाकून येऊ म्हणून बाहेर पडले, अंगात गाऊन आणि स्वेटर, पायात मोजे आणि चप्पल, अर्ध्या मिनिटाचं तर काम. परत आले तर दार लॉक. ओढलं की आपोआप लागतं ते लॅच, मला माहीतच नव्हतं, किल्ली मला कोणी दिलीच नव्हती कारण मी बाहेर जाणारच नव्हते ना. उणे ३३, आणि वाऱ्यासकट उणे ४५, अशा हवेत उघडी कातडी ५ ते १० मिनिटांत गोठायला लागते. आधी नाकात काहीतरी टोचल्यासारखं झालं, मग डोळ्यातलं पाणी पापण्यांना चिकटलं, आणि मग बोटं दुखायची थांबली, ते जास्त भीतीदायक असतं हे मला नंतर कळलं. मी दार वाजवत राहिले, रिकाम्या घराचं दार. पलीकडच्या काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, त्या वयात धावत आल्या आणि मला ओढत त्यांच्या घरात नेलं. बोटं चोळली नाहीत, चोळायची नसतातच, कोमट पाण्याच्या भांड्यात माझे हात धरून बसल्या. जीव परत यायला लागला तशी अशी आग व्हायला लागली की मी मराठीतून रडत होते आणि त्या त्यांच्या भाषेतून काहीतरी पुटपुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि त्यांच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली, आमची मागून घेतली. आणि सांगितलं, रोज सकाळी नऊच्या आत मी माझ्या स्वयंपाकघराचा पडदा वर करते, तू तुझा करायचा. नाही दिसला तर फोन, फोन नाही उचलला तर किल्ली.

तेव्हापासून चालू आहे ते. आणि ३ वर्षांपूर्वी जानेवारीत एका सकाळी त्यांचा पडदा वर गेला नाही. सव्वानऊ झाले, फोन वाजत राहिला, हे आणि मी बूट घालून किल्ली घेऊन गेलो तर आत घर थंडगार, भिंतीवरच्या काट्यावर ९ अंश, आणि दोघं कोट घालून ब्लँकेटखाली, फोन स्वयंपाकघरात आणि उठायचं त्राण नाही. रात्री फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, बंद पडलेला. काका म्हणतात, म्हटलं सकाळी बघू, एवढ्या रात्री कोणाला उठवायचं. ह्या लोकांचं पण आपल्यासारखंच, दुसऱ्याला त्रास नको. हे वीज मंडळातले, त्यांनी बाहेर जाऊन बघितलं तर भिंतीतून येणारा फर्नेसचा हवेचा पाइप, त्याच्या तोंडावर बर्फाचा बूच बसलेला, आतला सेन्सर हवा मिळेना म्हणून भट्टी पेटूच देत नव्हता. ह्यांनी कोमट पाण्याने आणि लाकडी चमच्याने तो बूच काढला, भट्टी परत सुरू केली, आणि दुपारपर्यंत घर २० अंशावर आलं. त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा केला, आलं घालून, दोघांच्या हातात कप देताना काकांचे हात थरथरत होते, त्यांचा कप मीच धरला.

आता त्या पत्राबद्दल. ते म्हणतात मुलं कोंडतात. कोंडतात, खरंय, मी स्वतः पाहिलीत अशी घरं, पण दुष्टपणाने नाही. सुपर व्हिसावर येणाऱ्या आईवडिलांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं पण प्रांताची सरकारी आरोग्यसेवा त्यांना नसते, खाजगी विमा काढावा लागतो, किमान १ लाख डॉलरचा, आणि तरी मुलांच्या डोक्यात तेच, आई बर्फावर पडली, हाड मोडलं, विमा कंपनीने हात वर केले तर काय. म्हणून मग बाहेर जाऊ नका, आम्ही आलो की नेऊ. आणि मुलं येतात संध्याकाळी सहाला, काळोख झाल्यावर. असं ५ महिने केलं तर कुठलंही माणूस खचेल, निफाडला केलं तरी खचेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस घरी परत पाठवू नका, त्याला बाहेर जायला शिकवा. आई विमानतळावर उतरली की त्याच आठवड्यात तिला तिच्या मापाचे बूट घ्या, एक नंबर मोठे, आत जाड मोजा बसेल असे, आणि त्याला खालून लावायचे खिळ्यांचे रबर, घराची किल्ली तिच्या गळ्यात नाहीतर पर्समधे, शेजारच्या घरी नेऊन ओळख करून द्या, भाषा येत नसली तरी, मला काय येत होती. बसचा पास काढून द्या. आणि मॉल दाखवा, खरेदीला नाही, चालायला. इथे मॉल दुकानं उघडायच्या आधी चालणाऱ्यांसाठी उघडतात, आमच्यासारखी कितीतरी म्हातारी माणसं हातात कोट घेऊन गोल गोल चालत असतात, आम्ही आठवड्यातून ४ दिवस जातो, ४५ मिनिटं. मग खाली कॉफी. गावोगावच्या रिटायर शेतकऱ्यांचा सकाळचा जो अड्डा असतो त्याला इथे कॉफी रो म्हणतात, पावसाचं काय, भाव काय, कोण दवाखान्यात आहे, हुबेहूब आपल्या पारावरच्या गप्पा. काकांनी ह्यांना पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा कांद्याच्या भावावर हे अर्धा तास बोलले आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं.

सगळं छान आहे असं म्हणणार नाही मी. फेब्रुवारी संपता संपत नाही. ह्यांचे थोरले भाऊ जानेवारीत गेले, फोनवरच कळलं, अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं, त्या रात्री आम्ही दोघं खिडकीशी बसून होतो आणि बाहेर नुसता बर्फ पडत होता. ते दुःख कुठल्याच बुटाने जात नाही. पण दुसऱ्या दिवशी नऊला मी पडदा वर केला. करावाच लागला, नाहीतर काकू धावत आल्या असत्या. आल्याच तशा, दुपारी, गरम पिरोगी घेऊन, आत बटाट्याचं सारण असतं.

६ जानेवारीला त्यांच्याकडे नाताळची आदली रात्र असते, त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे, १२ पदार्थ आणि एकातही मांस नाही, आणि पहिला पदार्थ उकडलेल्या गव्हाचा, त्यात मध आणि खसखस. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला आईची गव्हाची खीर आठवली, डोळे भरून आले. आणि आठवड्याने आमची भोगी, बाजरीची भाकरी तीळ लावून, इंडियन दुकानात पीठ मिळतं. काका तिळगूळ हातात घेऊन गोड बोला एवढं मराठीत म्हणतात.

रात्री आठला बहिणीचा फोन येतो, नाशिकला तेव्हा सकाळचे साडेसात. इथे घड्याळं मागेपुढे करत नाहीत त्यामुळे बारा महिने तेच साडेअकरा तासांचं अंतर. ती सांगते आज ९ अंश होते गं, कुडकुडलो. मी तिला आजचा आकडा सांगत नाही, तिचा जीव खाली-वर होतो उगाच.

संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत व्हिसा कसा काढायचा, तिकीट कधी स्वस्त, विमानात लोणचं चालतं का हे सगळं येतं, ते वाचून कितीतरी आईवडील निघतात आणि बरेच जण नेमके ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवाळी करून. त्याच पानावर एकदा बुटांचं, किल्लीचं आणि शेजाऱ्याच्या खिडकीचं पण येऊ द्या. ज्यांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझा नमस्कार, त्यांच्या ओळखीचं कोणी ह्या हिवाळ्यात इकडे येत असेल तर त्यांना हे कात्रण द्यावं.

आज संध्याकाळी काका-काकू जेवायला आहेत, मसूर भिजत घातलीय. हे म्हणाले पायऱ्यांवरचा बर्फ काढलाय पण खाली चकचकीत राहिलंय, आणि ह्या थंडीत मीठ काही काम करत नाही, वाळूच टाकावी लागते. ते आले की काकांचा पाय पहिल्या पायरीवर नेहमी सटकतो, तर तेवढी वाळू टाकून येते.

आपली एक वाचक,
सास्काटून, कॅनडा