ध्रुवीय समुद्रातली झोप

महोदय,

ध्रुवीय समुद्रातले इवले जीव हिवाळाभर ‘गाढ झोपी जातात’, असे आपल्या विज्ञान सदरात वाचले. बत्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवल्यामुळे राहवेना, म्हणून हे पत्र.

आर्क्टिकमधल्या कॅलॅनसबद्दल हे बरेचसे खरे आहे. तांदळाच्या दाण्याएवढा हा कोपेपॉड (इवला कवचधारी जलचर) उन्हाळ्यात सूक्ष्म शैवाल खाऊन अंगात मेणासारखी चरबी साठवतो, मग शेकडो मीटर खोल उतरतो, खाणे थांबवतो आणि चयापचय मंद करतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती चरबीची पिशवी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटले, प्राणी कमी आणि तेलाची कुपीच जास्त! पण त्याच्याच कुळातली कॅलॅनस हायपरबोरियसची मादी भर हिवाळ्यात, त्याच साठ्यावर, खोल पाण्यात अंडी घालते. ही कसली झोप?

अंटार्क्टिक क्रिल या कोळंबीसारख्या जीवाची तऱ्हा वेगळी. प्रयोगशाळेत तो दोनशेहून अधिक दिवस उपाशी जगला, आणि कात टाकताना दर वेळी आकाराने लहान होत गेला. वाढीचे चाक उलटे फिरवणारा प्राणी म्हणून मी वर्गात त्याचेच उदाहरण देत असे. त्याच्या पिल्लांना मात्र इतके उपाशी राहणे झेपत नाही. ती समुद्रबर्फाच्या खालच्या बाजूचे शैवाल खरवडून खातात. बर्फ उशिरा धरला तर त्यांची उपासमार होते.

शिवाय आर्क्टिकच्या ध्रुवीय रात्रीत काही प्लवक (पाण्यात तरंगणारे इवले जीव) चंद्राच्या उगवण्या-मावळण्यानुसार वरखाली करतात, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. पौर्णिमेच्या सुमारास तर ते पृष्ठभागाजवळून सुमारे 50 मीटर खोलीपर्यंत उतरतात. सदरलेखकाने पुढच्या लेखात एवढे जरूर घ्यावे.

— एक निवृत्त शिक्षिका